पहिल्या रात्रीचा पहारा

मंडळी, समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांचा तरी धंदा लोकांना झोपायला जागा देण्याचा आहे. कुणाचा होमस्टे, कुणाचे सुरूच्या बनात तंबू. बाकीचे पाठीवर सॅक मारून किनारे धुंडाळणारे. त्यामुळे निद्रानाशावर पुस्तकी भाषण करत नाही. पुण्या-मुंबईचा माणूस हौसेनं इथे कोकणात येतो, सुरमई खातो, लाटा ऐकत आडवा होतो आणि दोन वाजेपर्यंत कुशी बदलत राहतो. त्याचं काय करायचं, एवढंच बोलू.

सकाळी तो सांगतो, गादी कडक होती. तुम्ही गादी बदलता. पुढचा पाहुणा सांगतो, गादी फार मऊ होती. गादीला उगाच बोल लागतो. नव्या जागी पहिल्या रात्री झोप बिघडणं हा बहुतेक माणसांचा स्वभावच आहे. झोपेच्या प्रयोगशाळांना हे 1960च्या दशकापासून ठाऊक आहे. तिथे कितीतरी अभ्यासांत पहिल्या रात्रीची नोंद धरतच नाहीत, कारण ती त्या माणसाची नेहमीची झोप नसते. 2016 साली अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात मासाको तामाकी, युका सासाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यामागचं एक कारण दाखवलं. नव्या जागी पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूची डावी बाजू उजवीइतकी गाढ झोपत नाही. एकसारख्या बारीक आवाजांच्या मध्येच एखादा वेगळा आवाज केला, की ही बाजू जास्त प्रतिसाद देते आणि माणूस लवकर जागा होतो. काही दिवसांनी तीच माणसं त्याच जागी झोपवली, तर हा फरक दिसला नाही. डॉल्फिन अर्धा मेंदू जागा ठेवून झोपतात. आपल्याकडे त्याचा थोडासा अंश उरला असावा.

तळकोकणातल्या माणसाला हे समजवायला नको. परक्या शिवारात पाऊल टाकताना आपण राखणदाराला, म्हणजे त्या जागेच्या रक्षक देवाला, सांगून शिरतो. मेंदूतही असा एक राखणदार बसलेला आहे, आणि पहिल्या रात्री तो पहाऱ्यावर असतो. ‘झोप, झोप’ म्हणून दटावलं तर तो अधिकच सावध होतो. त्याची खात्री पटवून दिली, की तो शांत बसतो.

खात्री पटवायची ती उजेडात. अंधार पडल्यावर पोचलेला पाहुणा हमखास जागा राहतो, कारण खोलीबाहेर काय आहे हे त्याला माहीतच नसतं. विहीर कुठे, संडास कुठे, कुत्रा कुणाचा, हे दिवसाउजेडी फिरवून दाखवा. उशिरा आला तर बॅटरी घेऊन, पण दाखवा. आणि आवाज सांगून ठेवा. लाटांनी झोप जात नाही, तो आवाज अखंड असतो. झोप जाते ती पत्र्यावर टपकन पडणाऱ्या सुपारीनं, कौलांवरून चालत गेलेल्या उदमांजरानं, मध्यरात्री सुटलेल्या झावळीनं, पहाटे धडधडत निघालेल्या होडीच्या इंजिनानं. प्रयोगशाळेतला तो मधलाच वेगळा आवाज म्हणजे आपल्याकडची ही सुपारी. ‘रात्री माडीवर धावपळ ऐकू आली तर उदमांजर आहे, घाबरू नका’, एवढं वाक्य जेवताना कानावर घातलंत तर नव्या गादीपेक्षा जास्त काम होईल. (तंबू मात्र माडाखाली लावू नका. तिथली भीती खरी आहे.)

गणपतीला आणि शिमग्याला येणारे चाकरमानी मला दवाखान्यात हळूच विचारतात, ‘डॉक्टर, स्वतःच्या घरात झोप येत नाही, असं कसं?’ घर सातबाऱ्यावर तुमचं आहे हो, पण मेंदूला वर्षभर चाळीतला पंखा आणि लोकलचा आवाज ओळखीचा. गावातली शांतता हीच त्याला परकी. अशांनी घरचा पंखा चालू ठेवावा, आपली रोजची उशी आणि अंगावरची नेहमीची चादर बरोबर आणावी. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता तंबूवाल्यांकडे येतो, त्यांचे हाल जास्त. झोप लागताना शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही, आणि दिवसभर डुंबल्यावर अंगावर राहिलेलं मीठ ओल धरून ठेवतं. झोपण्यापूर्वी विहिरीच्या पाण्यानं अंघोळ करून मीठ उतरवलं की निम्मी तगमग जाते. दुसरी गोष्ट वाऱ्याची. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे घोकले, पण तंबू लावताना विसरतो. सगळे दार समुद्राकडे करतात, कारण फोटो छान येतो. संध्याकाळी खारा वारा येतो, मजा वाटते. मग तो पडतो, मधे काही काळ हवा ठप्प होते, आणि रात्री वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. तोवर तंबूची पाठ बंद. दोन्ही बाजूंचे कापडी पडदे उघडे ठेवा, डासांसाठी जाळीची चेन मात्र पूर्ण लावा. डिसेंबर-जानेवारीत उलटा त्रास: पहाटे गारठा, बाहेर दव, आणि तंबू घट्ट बंद केला तर श्वासाची वाफ आतून ठिबकते. तेव्हाही वरची खिडकी थोडी उघडी हवीच.

वाळू पायाला मऊ लागते, पाठीला नाही. चटई पसरण्याआधी कमरेखाली आणि खांद्याखाली हातानं उथळ खळगा करा, डोकं चढाच्या बाजूला घ्या. पाच मिनिटांचं काम आहे, पण आळसानं कुणी करत नाही.

भरतीची धास्तीही अनेकांना जागवते, आणि तिला इलाज आहे. जुन्या मच्छीमारांचा हिशेब तुम्हाला माहीत आहे: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. पुढची भरती सुमारे साडेबारा तासांनी. म्हणजे पौर्णिमेला भरती मध्यरात्रीच्या आसपास, तीही उधाणाची, आणि नेमके तेव्हाच लोक चांदण्यासाठी वाळूत तंबू ठोकतात. वाळलेल्या शेवाळाची आणि काटक्यांची जी रेघ दिसते, तिच्या बऱ्याच वर राहा. हिशेब ढोबळ आहे, वेळापत्रकाशी ताडून घ्या.

विंचवाची भीतीही अशीच. लाल विंचवाच्या दंशावर महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रुळवला, त्यामुळे आज माणसं वाचतात. तरी अंथरूण आणि बूट झटकून घ्यायची सवय ठेवा, आणि एकदा झटकलंत की पुन्हा पुन्हा टॉर्च मारत बसू नका.

टॉर्चवरून आठवलं. कॅम्पसाइटवर पांढरेशुभ्र एलईडी रात्रभर जळतात, सुरक्षेच्या नावाखाली. उजेडानं मेंदूतलं मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाल्याचा इशारा देणारं संप्रेरक, दबतं. वेळाससारख्या कासवांच्या किनाऱ्यावर रात्री दिवे नकोत असं आपण म्हणतो, कारण पिल्लं उजेडाकडे भरकटतात. मग पाहुण्यांसाठी दोन मिणमिणते पिवळे दिवे पुरेत की.

खाण्यापिण्याचं थोडक्यात. संध्याकाळनंतर चहा नको, त्यातलं कॅफिन अर्धं उतरायलाच पाच-सहा तास लागतात. दारूनं डोळा लवकर लागतो आणि मध्यरात्रीनंतर झोपेच्या चिंध्या होतात. मासे-भात आठला वाढा, अकराला नव्हे.

मघाशी एकानं गोळीचं विचारलं. झोपेची गोळी पहिल्यांदा घ्यायची जागा परका किनारा नव्हे. काही गोळ्यांनी माणूस झोपेत चालतो, आणि सकाळी त्याला आठवतही नाही. जो घरीसुद्धा आठवड्यातल्या तीनेक रात्री, तीन महिन्यांहून अधिक काळ जागा असतो, त्याचा आजार वेगळा. त्यानं डॉक्टरकडे जावं. घोरताना श्वास अडकणाऱ्यांनीही.

बाकीच्यांनी वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर पडून तळमळू नये. उठून बाहेर बसावं, घड्याळ आणि फोन आत ठेवावा, जांभई आली की परत यावं. काही न करता डोळे मिटून पडलेल्याला आपण रात्रभर जागे होतो असं वाटतं, पण बऱ्याचदा मधे झोप लागून गेलेली असते. जमलं तर दोन रात्री मुक्काम करा. एका रात्रीच्या सहलीत फक्त राखणदाराचीच ओळख होते.

एका वाईट रात्रीनं तब्येतीला काही होत नाही. धोका आहे तो गाडी चालवण्यात. सतरा-अठरा तास सलग जाग्या माणसाची प्रतिक्रिया थोडी दारू प्यायलेल्यासारखी मंदावते, हे प्रयोगांत दिसलं आहे. आणि आपल्या पाहुण्यांना नेमकं त्याच अवस्थेत मुंबई-गोवा महामार्गानं परतायचं असतं. तेव्हा होमस्टेवाल्यांनो, नाश्ता देताना गाडी कोण चालवणार आहे ते विचारा. रात्री डोळ्याला डोळा लागला नाही म्हणाला, तर खोली दहाला रिकामी करायची घाई लावू नका. त्याला दुपारचं जेवण होईपर्यंत झोपू द्या.