व्हॅनेडियम, मधुमेह आणि एक फसवे विशेषण

मंडळी, 'व्हॅनेडियम या धातूची संयुगे मधुमेहावरचे औषध का होऊ शकली नाहीत' हा आजचा जाहीर विषय आहे आणि त्याचे उत्तर देण्याचे मी मान्यही केले आहे. मात्र त्याआधी एका विशेषणाबद्दलची माझी जुनी तक्रार आपल्याला ऐकून घ्यावी लागेल. ते विशेषण म्हणजे 'इन्शुलिन-अनुकारी', अर्थात इन्शुलिनची नक्कल करणारे. काही वर्षांपूर्वी एका लेखात मी स्वतः ते व्हॅनेडियमला बिनदिक्कत चिकटवले होते. संपादकांनी त्या लेखाला 'आता इन्शुलिनची गोळी!' असा मथळा दिला आणि पंधरा दिवसांच्या आत एक गृहस्थ ही पावडर कोठे मिळते, असे विचारत माझ्या दारात उभे राहिले. पुष्कळ दिवस मी संपादकांना दोष देत असे. आता वाटते की त्यांनी फक्त कापणी केली, पेरणी माझीच होती.

हे प्रकरण इन्शुलिनपेक्षाही जुने आहे. फ्रान्समधील लियों येथे १८९९ मध्ये लियोने आणि त्यांच्या दोन सहकारी डॉक्टरांनी साठ रुग्णांना सोडियम मेटाव्हॅनेडेट हा व्हॅनेडियमचा क्षार दिला. त्यांतील तिघे मधुमेही होते आणि त्या तिघांपैकी दोघांच्या लघवीतील साखर किंचित उतरली. पुढे १९२१ मध्ये टोरांटोत इन्शुलिन हाती आले आणि ही नोंद कपाटात गेली, यात नवल नाही.

ती कपाटातून बाहेर निघण्यास कारणीभूत झाली ती एक बाटली, आणि हा प्रसंग माझा इतका आवडता आहे की तो आटोपता घेणे मला जमत नाही. पेशीच्या आवरणात सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत नेणारा एक पंप असतो आणि तो एटीपीवर, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूवर चालतो. १९७० च्या दशकात या पंपावर काम करणाऱ्यांना एक विचित्र अनुभव येऊ लागला : घोड्याच्या स्नायूंपासून काढलेले, बाटलीबंद विकत मिळणारे एटीपी वापरले की पंप मंदावे आणि दुसऱ्या मार्गाने तयार केलेले एटीपी वापरले की तो सुरळीत चाले. रेणू तोच, शुद्धता वरकरणी तीच, तरीही निकाल निराळे. आपल्यापैकी ज्यांनी प्रयोगशाळेत दिवस काढले आहेत, त्यांना अशा वेळी पहिला संशय नव्या विद्यार्थ्यावर जातो हे ठाऊक असेलच. लुईस कँटली, जोसेफसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र संशय बाटलीवर घेतला, तिच्यातील अशुद्ध अंश चिकाटीने वेगळा केला आणि १९७७ मध्ये जाहीर केले की पंप अडवणारा तो घटक व्हॅनेडेट, म्हणजे व्हॅनेडियम आणि ऑक्सिजन यांचा आयन आहे. जाता जाता सांगतो, इन्शुलिनचा संदेश पेशीत पुढे नेणारे पीआय-३ कायनेज हे विकर (एन्झाइम) नंतर ज्यांनी शोधले, ते हेच कँटली.

व्हॅनेडेट पंप का अडवते, या प्रश्नातच आजचे उत्तर दडलेले आहे. फॉस्फेटमध्ये मधोमध फॉस्फरस आणि भोवती चार ऑक्सिजन असतात. व्हॅनेडेटची घडणही तशीच असते. फरक एवढाच की विकराच्या पकडीत फॉस्फेट पाच बंधांची जी अवस्था क्षणभरच धारण करते, तीत व्हॅनेडियम सुखाने बसून राहते, त्यामुळे फॉस्फेटची देवघेव करणारी विकरे त्याच्यापाशी अडकून पडतात.

आता इन्शुलिनकडे वळू. इन्शुलिन पेशीच्या आवरणातील आपल्या ग्राहीला (रिसेप्टरला) चिकटले की त्या ग्राहीच्या आतल्या बाजूच्या टायरोसिन या अमिनो आम्लांवर फॉस्फेट चढतात; हे दिवे लागणे आहे असे समजा. पीटीपी-१बी सारखी फॉस्फेटेज विकरे ते फॉस्फेट काढून दिवे मालवत असतात. व्हॅनेडेट या मालवणाऱ्यांचे हात धरते. दिवा लावणारा वेगळा आणि मालवणाऱ्याचे हात धरणारा वेगळा. दुसऱ्याला पहिल्याची नक्कल म्हणणे ही माझ्या मते केवळ शब्दाची चूक नाही, कारण तिच्यामुळे अपेक्षाच चुकते. नक्कल म्हटले की इन्शुलिनचे गुण तेवढे मिळतील असे वाटते. वास्तविक या कुळातील विकरे माणसात शंभराच्या आसपास आहेत, त्यांतील बरीचशी साखरेशी संबंधित नसलेले दिवे सांभाळतात आणि साधे व्हॅनेडेट त्यांत फारशी निवड करीत नाही. शिवाय मुळात थोडे तरी इन्शुलिन नसेल, तर हात धरून तरी काय उपयोग? म्हणूनच या क्षेत्रातील जाणकार पुढे 'इन्शुलिन-वर्धक' म्हणू लागले.

अध्यक्षांनी दुसऱ्यांदा घड्याळाकडे पाहिले आहे, तेव्हा जे सांगण्यासाठी मला बोलावले ते आता झरझर सांगतो. १९८५ मध्ये हेलिगर, ताहिलियानी आणि मॅकनील यांनी मधुमेही उंदरांच्या पिण्याच्या पाण्यात सोडियम ऑर्थोव्हॅनेडेट मिसळले. रक्तातील इन्शुलिन कमीच राहिले, साखर मात्र निरोगी उंदरांच्या पातळीवर आली. पुढच्या प्रयोगांत हे उंदीर खातात कमी, पितात कमी, त्यांना जुलाब होतात आणि त्यांचे वजन घटते हेही दिसले. मग साखर औषधाने उतरली की उपासाने, हा वाद अटळ होता. १९९५ मध्ये माणसांवरील छोट्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. त्यांपैकी एकीत दहा रुग्णांना दोन आठवडे रोज १२५ मिलिग्रॅम सोडियम मेटाव्हॅनेडेट देण्यात आले. फायदा दिसला, पण पोटही बिघडले.

धातू अधिक चांगला शोषला जावा म्हणून कॅनडात मॅकनील आणि ऑर्विग यांनी त्याला माल्टॉल या सुवासिक पदार्थाच्या कुळातील रेणूंशी जोडले. त्यांतील इथिल माल्टॉलला साखर करपल्यासारखा वास येतो, म्हणजे मधुमेहाच्या औषधाला वाहक मिळाला तोही मिठाईच्या वासाचा! बीईओव्ही नावाचे ते संयुग चाचण्यांच्या दुसऱ्या टप्प्यापर्यंत पोहोचले, काही रुग्णांत मूत्रपिंडाच्या तक्रारी आल्यावर थांबले आणि २०११ मध्ये त्याच्या पेटंटची मुदतही संपली. मधुमेहात व्हॅनेडियमचा उपयोग होतो का, हे पाहणाऱ्या २००८ मधील एका आढाव्यात १५१ अभ्यास चाळले गेले. त्यांतील एकही ठरवलेल्या निकषांना उतरला नाही आणि निकष सैल केल्यावर हाती लागले ते पाच.

शेवटचा हिशेब मात्र मी गाळणार नाही. प्रौढ माणसासाठी अमेरिकेत २००१ मध्ये ठरलेली वरची मर्यादा रोज १.८ मिलिग्रॅम व्हॅनेडियमची आहे; त्या १२५ मिलिग्रॅम क्षारात सुमारे ५२ मिलिग्रॅम व्हॅनेडियम असते, म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ एकोणतीस पट, आणि शरीरात शिरलेल्या व्हॅनेडियमचा काही भाग हाडांत साठून बराच काळ तेथेच राहतो. दारात आलेल्या त्या गृहस्थांना मी हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "मग लेखात का नाही लिहिलेत?" प्रश्नोत्तरांसाठी पाच मिनिटे उरली आहेत असे अध्यक्ष सुचवीत आहेत.