मिठानं काय घोडं मारलंय?

श्रोतेहो, नमस्कार. लिंबूसत्त्व तुम्ही ढोकळ्यात घालता. मी त्याचे फोटो काढतो, सूक्ष्मदर्शकातून, ध्रुवित प्रकाशात, म्हणजे एकाच दिशेत थरथरणाऱ्या प्रकाशात.

करायचं काय, तर पोलरायझिंग फिल्मचे, म्हणजे फक्त असाच प्रकाश पुढे सोडणाऱ्या फिल्मचे, दोन तुकडे घ्यायचे. एक काचपट्टीच्या खाली, एक वर. वरचा हळूहळू फिरवायचा, सगळं काळंकुट्ट होईपर्यंत. लक्षात ठेवा, एक खाली, एक वर, आणि काळोख. त्या काळोखात जे उजळेल, तो आपला फोटो. विल्यम निकोल या स्कॉटिश संशोधकानं १८२८ मध्ये कॅल्साइट या पारदर्शक खनिजाचे दोन तुकडे चिकटवून ध्रुवित प्रकाश मिळवला होता; आपलं प्लॅस्टिकच्या फिल्मवर भागतं.

आता माझी फजिती ऐका. अकोल्याचा मे महिना. मी मोठ्या हौसेनं मिठाच्या पाण्याचा थेंब काचपट्टीवर वाळवला. फिल्मशिवाय पाहिलं, तर छान रेखीव चौकोन. दोन्ही फिल्म लावल्या की सगळं गुडुप! भिंग पुसलं, बल्ब बदलला, फिल्म विकणाऱ्याला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या. दोन तास गेले. तिकडे आई ढोकळ्याचं पीठ भिजवत होती. घरचं, हं. पाकिटातल्या ढोकळ्याला मी ढोकळा म्हणत नाही, स्पंज म्हणतो. तर आई म्हणाली, "सारखं मीठ मीठ काय घेऊन बसलायस?" आणि वाटीत विरघळवलेल्या लिंबूसत्त्वाचा एक थेंब तिनं चमच्यानं दुसऱ्या काचपट्टीवर सोडला.

तो वाळायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. फिल्म फिरवली, सगळं काळं झालं, आणि त्या काळ्यात मोरपंखी, जांभळे, केशरी पंखे उघडलेले! आईला हाक मारली. एक डोळा मिटून तिनं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "आणि मिठानं काय घोडं मारलंय?"

मिठाचा स्फटिक घनाकृती. त्यातून प्रकाश कुठल्याही दिशेनं सारख्याच वेगानं जातो, म्हणून वरची फिल्म त्याला अडवते. लिंबूसत्त्वात एका किरणाचे दोन होतात, एक पुढे, एक मागे. वरच्या फिल्ममध्ये ते पुन्हा भेटले की रंग उमटतो. थर कुठे जाड, कुठे पातळ, तसा रंग बदलतो. तेव्हा मीठ नको. पुन्हा सांगतो, मीठ नको.

पावसाळ्यात हा उद्योग करू नका, थेंब चिकटच राहतो. आणि साखरेचा पाक घेतलात तर काचपट्टी झाकून ठेवा. माझ्याकडे मुंग्या कॅमेऱ्याच्या आधी पोचल्या होत्या.