कास पठार आणि बदललेला पर्यटक

श्रोतेहो, नमस्कार. सातारा जिल्ह्यातली सहल म्हणजे पूर्वी बहुधा महाबळेश्वर-पाचगणी असे. उन्हाळ्याच्या सुटीत सहकुटुंब चार दिवस राहायचे, घोड्यावर बसायचे आणि जॅमच्या बाटल्या घेऊन परतायचे. आता अनेकांना पावसाळा हवा असतो, शनिवार-रविवारी उरकणारी सहल हवी असते आणि मोबाइलवर लगेच दाखवता येईल असे दृश्यही हवे असते. या नव्या आवडीचा मोठा भार साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर असलेल्या कास पठारावर पडला आहे.

येथे ८५० हून अधिक सपुष्प वनस्पतींची नोंद आहे, आणि २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, तेव्हा त्यात कासचाही समावेश झाला. जांभ्या कातळावर मातीचा थर इतका पातळ आहे की मोठी झाडे सहसा रुजत नाहीत, आणि म्हणूनच तेरडा, सोनकी, सीतेची आसवे अशा लहान वनस्पतींना पावसाळ्याच्या अखेरीस मोकळे रान मिळते. फुलांत बसून छायाचित्र काढून घेणाऱ्यांच्या पायांखाली हीच माती दबते, आणि बी धरण्याआधी चिरडलेले तेरड्याचे रोप पुढच्या वर्षासाठी काहीच मागे ठेवत नाही.

वन विभाग आणि आसपासच्या गावांच्या समितीने येथे प्रवेश शुल्क, ऑनलाइन नोंदणी आणि दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा असे उपाय केले. हंगामात गावातल्या तरुणांना त्यातून काम मिळते, ही मला या व्यवस्थेची सर्वांत भक्कम बाजू वाटते. कुंपणाचा अनुभव मात्र वेगळा ठरला. जाळी घातल्यावर गुरांची चराई थांबली, गवत माजले आणि फुले कमी झाल्याची तक्रार होऊ लागली; अखेर ती जाळी काढावी लागली. माणसाला पूर्णपणे बाहेर ठेवणे म्हणजे संवर्धन, ही समजूत तरी त्यामुळे ढिली झाली असावी.

तरीही माणसे मोजली जातात ती पठारावर. घाटरस्त्याने येणारी वाहने मात्र या मर्यादेत धरली जात नाहीत. साताऱ्याला पाणी पुरवणारा कास तलाव याच परिसरात असल्याने वाहनांचा धूर आणि रस्त्याकडेला टाकलेला कचरा हा फुलांपुरता प्रश्न उरत नाही. हंगामात खासगी गाड्या साताऱ्यातच थांबवून पुढे फक्त बस सोडाव्यात आणि नोंदणी करतानाच बसमधली जागाही राखून द्यावी, असे मला वाटते. मुक्कामासाठी कास-बामणोली भागातल्या घरांना प्राधान्य दिले, तर पावसाळा संपल्यावरही तेथील कुटुंबांच्या हाती काही उत्पन्न राहील.