१६ ताहसासचा नाताळ

(इथिओपियात स्वयंसेवी शिक्षक म्हणून जाणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'परदेशात एकट्यानं नाताळ: शिक्षकाचा दिवसक्रम'. दिवसक्रमाकडे येतोच. पण त्याआधी तारखेचं बोलायला हवं. समोर वसईची बरीच मंडळी बसली आहेत, काही अहिल्यानगरकडची आहेत. तुमच्या रक्तात नाताळ म्हणजे २५ डिसेंबर. तुम्ही इथिओपियात उतराल तेव्हा २५ डिसेंबरला भिंतीवरच्या कॅलेंडरात १६ ताहसास असेल (ताहसास हा तिथला महिना), शाळा भरलेली असेल आणि दुसऱ्या तासाला तुम्हाला नववी 'ब'वर जायचं असेल.

तिथलं वर्ष तेरा महिन्यांचं आहे. बारा महिने तीस-तीस दिवसांचे आणि तेरावा, पागुमे, पाच किंवा सहा दिवसांचा. सप्टेंबरात त्यांचं नवं वर्ष लागतं आणि तिथून डिसेंबरअखेरपर्यंत ते आपल्या सात वर्षं मागे असतात. त्यांचा नाताळ ७ जानेवारीला येतो. त्याचं नाव गन्ना. हा उसाचा गन्ना नव्हे, 'न'वर जोर देऊन म्हणा. शुभेच्छा द्यायची ती 'मेलकाम गन्ना' अशी. २५ डिसेंबरला कुणी शुभेच्छा दिल्या नाहीत म्हणून मनाला लावून घेऊ नका. तुम्हाला कुणी विसरलेलं नाही, सण अजून तेरा दिवसांवर आहे.

आता माझ्या आवडीच्या मुद्द्याकडे येतो. जाण्यापूर्वीच्या प्रशिक्षणात पाठ-टाचण, फळा-लेखन, मलेरियाच्या गोळ्या, सगळं शिकवतात. उपवासाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. गन्नाच्या आधी तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचा त्रेचाळीस दिवसांचा उपवास असतो. तो नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होतो आणि ६ जानेवारीपर्यंत चालतो. उपवासाला त्यांच्या भाषेत त्सोम म्हणतात. मांस नाही, दूध नाही, लोणी-तूप नाही, अंडं नाही. पुष्कळ जण दुपारपर्यंत पाणीसुद्धा घेत नाहीत. म्हणजे आपला नाताळ नेमका त्यांच्या ऐन उपवासात येऊन पडतो.

मग होतं काय? नवा शिक्षक मोठ्या हौसेनं २४ तारखेला रात्री जागून केक करतो. चार अंडी, पाव किलो लोणी. पहिली गोष्ट, तो केक बसतो. अदिस अबाबा समुद्रसपाटीपासून सुमारे २,३५० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब कमी, त्यामुळे सोड्याचा वायू जास्त फुगतो, केक भराभर वर येतो आणि आतलं पीठ धरायच्या आत मधोमध खचतो. त्यात वीज गेली तर ओव्हन अर्ध्यावर गार. समजा, केक जमलाच. सकाळी तो शिक्षकांच्या खोलीत नेला तर सहकारी छातीवर हात ठेवून, हसून, 'त्सोम' म्हणतात आणि डबा जसाच्या तसा परत येतो. परक्या देशात त्या दिवशी डबा भरलेला परत येणं फार लागतं, आणि दोष कुणाचाच नसतो. शिवाय दुधाचं चॉकलेटही उपवासाला चालत नाही. मुलांना वाटायला भारतातून पिशवीभर नेऊ नका. तुमच्या वर्गात मुसलमान मुलंही असतील, प्रोटेस्टंटही असतील. कुणाचा उपवास आहे आणि कुणाचा नाही, याची वर्गात सर्वांदेखत चौकशी करू नये.

म्हणून माझं सांगणं आहे, कुलकुल करा. गोव्यात आणि वसईत ज्या घरी नाताळ आहे त्या घरी कुलकुल आहे. आणि ते अंडं-दुधाशिवाय उत्तम होतात. प्रमाण लिहून घ्या. अर्धा किलो मैदा, १०० ग्रॅम बारीक रवा, १२५ ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ. चार टेबलचमचे तेल कडकडीत तापवून मोहन घाला आणि बोटांनी पिठाला चोळा. नारळाच्या दुधाचा डबा मिळाला तर त्यात भिजवा, नाहीतर कोमट पाण्यात. साधारण १५० ते २०० मिलिलिटर लागतं, पण थोडं थोडं घाला. पीठ घट्टच हवं. अर्धा तास ओल्या फडक्याखाली ठेवा, कारण डिसेंबरात तिथली हवा कोरडी असते आणि गोळ्याला लगेच पापुद्रा धरतो. मग बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कोऱ्या फणीवर दाबून गुंडाळायची. कड नीट चिकटवा, नाहीतर तळताना उलगडते. मोहन जास्त झालं तर कुलकुल तेलात विरघळल्यासारखे फुटतात, साखर जास्त झाली तर बाहेरून काळे आणि आतून कच्चे राहतात.

तळताना पुन्हा उंची आडवी येते. अदिसला पाणी साधारण ९२ अंशांनाच उकळतं. पिठातलं पाणी लवकर उडतं आणि बाहेरचा रंग आतल्या शिजण्याच्या पुढे धावतो. तेल घरच्यापेक्षा दहा-बारा अंश कमी तापवा, घाणा लहान ठेवा, वेळ जास्त द्या. हेच डाळीचं आणि राजम्याचं. प्रेशर कुकरशिवाय तिथे शिजायला दुपार जाते, तेव्हा सामानात एक लहान कुकर न्याच.

तेल कुठलं? बाजारात 'नुग'चं तेल मागा. नुग म्हणजे आपले कारळे, खुरासणी! ज्याची चटणी आपण भाकरीबरोबर खातो, ते बी मूळचं इथिओपियाच्या डोंगरांतलं मानतात. मलिक अंबर तिथून आपल्याकडे आला हे शाळेत शिकवतात, कारळ्याची वाट कुणी शिकवत नाही. या तेलाला बियांचा वास असतो, आधी नीट तापवून घेतलं की तो बसतो. मात्र तळलेलं तेल पुन्हा पुन्हा वापरू नका, कढईला चिकट थर धरतो. आणि जेवणाची चिंता करू नका. उपवासाचं ताट मागितलंत की इंजेरावर, म्हणजे तिथल्या आंबवलेल्या पातळ भाकरीवर, मसूर येते, हिरवी भाजी येते आणि शिरो येतो. आपला गोड शिरा नव्हे, डाळीच्या पिठाचा तिखट रस्सा, थेट पिठल्याचा भाऊबंद. शाकाहारी माणसाची त्या त्रेचाळीस दिवसांत चंगळ असते.

एवढ्या मापात साधारण तीस जणांच्या मुठी भरतात. डबा पुढे करताना आधी 'त्सोम नौ' म्हणा, म्हणजे हे उपवासाला चालतं. मग हात पुढे येतात, आणि हे काय, का केलंत, असे प्रश्न येतात. नाताळ तिथे सुरू होतो. उरलेले घट्ट डब्यात ठेवा, कोरड्या हवेत ७ जानेवारीपर्यंत कुरकुरीत राहतात.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरलीत म्हणे. दिवसक्रम भराभर सांगतो.

२४ ची रात्र सर्वांत जड. इथिओपिया आपल्या अडीच तास मागे आहे. वसईत मध्यरात्र होते तेव्हा तिथे साडेनऊ वाजलेले असतात. घरचे मिस्सेला निघण्यापूर्वी बोलायचं असेल तर तिथल्या साडेसातला फोन लावा. रिचार्ज आदल्या दिवशी करून ठेवा. कुणाला वेळ सांगताना सांभाळा, कारण तिथलं घड्याळ सकाळी सहाला सुरू होतं. आपले सात म्हणजे त्यांचा एक. रात्री साडेनऊला ते साडेतीन म्हणतात. 'दोन वाजता ये' म्हणजे सकाळी आठला, आणि असे चुकलेले निरोप पुष्कळ. रात्री थंडी १० अंशांच्या खाली जाते, लोकरीचं पांघरूण हवं. अदिसमध्ये परदेशी लोकांसाठीच्या काही चर्चमध्ये २५ ची प्रार्थना असते. तिची वेळ आठवडाभर आधी विचारा, आणि ती कुठल्या घड्याळाची तेही.

२५ ला रजा घेऊ नका. खोलीत बसलात तर दिवस अंगावर येतो. नववीपासून शिकवणं इंग्रजीतून असतं आणि वर्गात पन्नास-साठ मुलं सहज असतात. त्या दिवशीच्या तासाला मुलांनाच गन्नाविषयी चार-चार वाक्यं इंग्रजीत लिहायला सांगा, दोघादोघांत वाचून घ्या, मग तुम्ही फळ्यावर आपल्याकडच्या नाताळची चार लिहा. ज्यांच्या घरी गन्ना नाही त्यांनी आपल्या सणाबद्दल लिहावं. जड लेखनकाम पहिल्या तासांना घ्या, दुपारी उपाशी पोरांना ते झेपत नाही. गन्ना नावाचा एक खेळही आहे, वाकड्या काठीनं लाकडी चेंडू मारायचा, हॉकीसारखा. येशूजन्माची वार्ता ऐकून मेंढपाळ आपल्या काठ्यांनी असे खेळले, अशी कथा सांगतात. गन्नाच्या खेळात मालकानं रागावायचं नाही, अशी त्यांची म्हणही आहे. शिक्षकालाही ती लागू धरा आणि मैदानात उतरा.

७ जानेवारीचं आमंत्रण येईल, ते घ्या. आदली रात्र चर्चमध्ये जाते, सकाळी उपवास सुटतो आणि दोरो वत, म्हणजे कोंबडीचा रस्सा, वाढतात. त्याचा कांदा आधी तेलाशिवाय तासभर परततात, मग मसाल्याचं लोणी आणि बेरबेरे, म्हणजे तिथला तिखट मसाला. कोंबडीचे बारा तुकडे आणि उकडलेली अंडी. तिखट असतं, आपल्याला चालतं. शाकाहारी असाल तर दोन दिवस आधी सांगा, तेव्हाच शिरोची सोय होते. जाताना कच्च्या कॉफीचे दाणे आणि साखर न्या, शिवाय उरलेले कुलकुल. जमिनीवर हिरवं गवत अंथरतील, दाणे तुमच्यासमोर भाजतील, लाह्या ठेवतील. कॉफी तीनदा येते. पहिली अबोल, दुसरी तोना, तिसरी बेरेका. पहिलीचं नाव अबोल असलं तरी गप्पांना तिथूनच रंग चढतो. तिसरी प्यायल्याशिवाय उठू नये, म्हणजे दीड-दोन तास हाताशी ठेवून जा आणि त्या दुपारी दुसऱ्या कुणाला येतो म्हणून सांगू नका.