टाळेबंदीतली चौथी रात्र

मंडळी, २४ मार्च २०२०च्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि दारूची दुकानं बंद झाली. कितीतरी घरांत तेव्हा बायका म्हणाल्या, "चला, या निमित्तानं तरी याची सुटेल." त्यांचं काही चुकलं नाही. रोजची दारू एकदम थांबली तर जिवावर बेतू शकतं, हे इतकी वर्षं त्यांना कुणी समजावूनच सांगितलं नव्हतं.

२८ तारखेला रात्री मला एका बाईंचा फोन आला. नवरा रंगकाम करणारा, पंधरा वर्षं रोज पिणारा. "डॉक्टर, दोन दिवस नुसते हात कापत होते. आज भिंतीवर किडे दिसतायत म्हणतो, मला ओळखत नाही. सासूबाई म्हणतात, बाहेरचं काहीतरी लागलंय."

बाहेरचं काही नव्हतं. दारू मेंदूला गुंगवते. ती रोज येत राहिली की मेंदू त्या गुंगीवर मात करायला स्वतःला सतत जास्त चेतवून ठेवायला शिकतो. मग दारू एकदम थांबली की हा चेतवलेला मेंदू बेलगाम सुटतो. काही तासांत थरथर आणि घाम, पहिल्या दोन दिवसांत कधी फिट, आणि साधारण दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भास, भ्रम, ताप, धावणारी नाडी. याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. प्रत्येकाला होत नाही, पण ज्याला होतं त्याला उपचार मिळाले नाहीत तर तो दगावू शकतो. गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, सोडताना जिवाचे हाल होतात, पण त्यानं सहसा मरण येत नाही. दारू एकदम सोडताना येऊ शकतं. आपल्याकडे गर्दाची भीती सगळ्यांना आहे, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे.

उपचार अवघड नाहीत. चेतवलेल्या मेंदूला शांत करणारं लोराझेपामसारखं औषध, ते हळूहळू कमी करत नेणं, आणि बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन, तेही ग्लुकोजची बाटली लावण्याआधी. जुनी, स्वस्त औषधं. पण त्या दिवसांत ओपीडी बंद, खाटा कोरोनासाठी राखलेल्या, रस्त्यावर पोलीस. त्या बाईंनी नवऱ्याला रुग्णालयापर्यंत न्यायचं कसं?

केरळात तर टाळेबंदीच्या पहिल्याच आठवड्यात दारू न मिळाल्यानं काही जणांनी आत्महत्या केल्या. ३० मार्चला तिथल्या सरकारनं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा आदेश काढला. डॉक्टरांच्या संघटनेनं विरोध केला आणि २ एप्रिलला उच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. मला स्थगिती योग्य वाटते, कारण या आजाराचं औषध दारू नव्हे. पण नुसत्या स्थगितीनं त्या माणसांचं काय होणार होतं? गावागावात औषध पोचवण्याचा आदेश देशात सगळीकडे तितक्याच घाईनं निघायला हवा होता. त्याची मला आजही चीड येते.

पुढच्या वर्षी, एप्रिल २०२१ मध्ये, आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत दुकानं बंद असताना सॅनिटायझर पिऊन सात जण गेले. सॅनिटायझर प्यायचं नसतं हे त्यांनाही कळत होतं. तलफ म्हणजे निव्वळ जिभेची चटक, असं मानणाऱ्यांनी त्या सात जणांचा विचार करावा. आणि लक्षात ठेवा, भेसळीच्या सॅनिटायझरमध्ये मिथेनॉल असलं तर शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल बनतं. आधी नजर जाते, मग जीव.

महामारीच्या आधीच, २०१९च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दिसलं होतं की दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कुठली तरी मदत मिळते. उरलेल्या सदतीस जणांचे घरचे २५ मार्चला एकटेच होते.

त्या रंगकाम करणाऱ्याला शेजाऱ्याच्या टेम्पोतून आणलं. सहा दिवसांनी तो बायकोला नावानं हाक मारायला लागला. ४ मे रोजी दुकानं उघडली, तेव्हा तो रांगेत उभा राहिला. बाईंचा पुन्हा फोन आला, या वेळी रडत: "सगळं वाया गेलं हो." मी म्हटलं, "वहिनी, मधुमेहाच्या माणसाची साखर पुन्हा वाढली तर आपण त्याला घराबाहेर काढतो का? याला घेऊन या. आणि एक सांगतो, याच्या हातातली बाटली घरी ओतून देऊ नका. बंद करायची ती इथे येऊन, औषधाखाली."

जुलैमध्ये तो आला. या वेळी स्वतःच्या पायांनी.