नकाशावरच्या पांढऱ्या रेघा

श्रोतेहो, नमस्कार.

रेडिओवर शांततेबद्दल बोलायचं म्हणजे पंचाईतच. इथे चार सेकंद कुणी गप्प बसलं, तर पलीकडून काचेवर टकटक होते. तरी आज बोलणार आहे ते शांततेबद्दलच. गेल्या जून महिन्यात मी आणि माझी ताई, आम्ही दोघी सायकली घेऊन दक्षिण फ्रान्समधल्या डोंगरांत हिंडून आलो. ताई अठ्ठावन्न वर्षांची, मी बावन्न. आम्ही कुडाळच्या. आमचा सगळा सराव आंबोली घाटातला. तिथे चढताना मागून एसटी येते, ती वळणाच्या आधी एकदा आणि वळणावर दोनदा हॉर्न देते. त्या हॉर्नला घाबरून नव्हे, पण त्याची वाट बघत सायकल चालवायची सवय आमच्या खांद्यांत बसलेली आहे.

फ्रान्सची सायकल म्हटली की लोकांना टूर द फ्रान्स ही मोठी शर्यत आठवते. आम्ही गेलो ते लोझेर नावाच्या जिल्ह्यात. त्याचं क्षेत्रफळ आपल्या सिंधुदुर्गाएवढंच, ५,२०० चौरस किलोमीटरच्या आसपास. सिंधुदुर्गात २०११च्या जनगणनेत साडेआठ लाख माणसं होती. लोझेरमध्ये आज सुमारे ७७ हजार आहेत. आपल्याकडच्या दर अकरा माणसांतली दहा उचलून कुठेतरी नेऊन ठेवली, की जे उरेल ते लोझेर.

रस्ते मात्र उचलून नेलेले नाहीत. या देशात पस्तीस हजारांच्या घरात ग्रामपंचायती आहेत, आणि दहा घरांच्या वाडीलासुद्धा डांबरी सडक जाते. मिशेलिन कंपनीच्या नकाशावर मोठे रस्ते लाल, मधले पिवळे आणि अगदी किरकोळ ते पांढरे. सायकलवाल्याने लाल रेघ पुसलीच आहे असं समजावं आणि पांढऱ्या रेघा जोडत जावं. चढ असेल तिथे रेघेवर बारीक बाण असतात. एक बाण म्हणजे ५ ते ९ टक्के, दोन म्हणजे ९ ते १३, आणि तीन बाण म्हणजे खाली उतरून ढकला. ताई रोज रात्री चष्मा लावून बाण मोजायची आणि मग निमूट झोपायची.

आलेस गावापर्यंत आगगाडीने गेलो, तिथून पेडल मारत फ्लोराकला. फ्लोराकहून तार्न नदीच्या काठाने वीसेक किलोमीटरवर ल पाँ-द-माँव्हेर हे गाव लागतं. दगडी पूल, पुलावर मनोरा, खाली गोट्यांतून उड्या मारणारं पाणी. १७०२ साली धर्मावरून पेटलेल्या मोठ्या बंडाची ठिणगी याच गावात पडली होती. आम्ही गेलो तेव्हा पुलावर एक मांजर होतं.

तिथून मों लोझेर या डोंगराचा चढ सुरू होतो. फिनिएलची खिंड १,५४१ मीटरवर, म्हणजे गावापासून साडेसहाशे मीटरचा चढ. आंबोलीएवढाच म्हणा ना. पहिल्या तासाला दोन गाड्या गेल्या. दोन्ही आमच्या मागे थांबून राहिल्या, पुढचं वळण मोकळं दिसल्यावरच भरपूर अंतर राखून पुढे गेल्या. गावाबाहेर सायकलला ओलांडताना दीड मीटर जागा सोडायची, असा तिथला कायदा आहे. त्यानंतर काहीच आलं नाही. पंधरा-वीस मिनिटं गेल्यावर मला एक आवाज यायला लागला, टिक्‌ टिक्‌ टिक्‌. वाटलं, चाकाची तार ढिली झाली. उतरून पाहिलं. चेनची एक कडी जरा कडक झाली होती, ती मागच्या चक्रावरून जाताना दर फेऱ्याला टिचकी मारायची. कुडाळहून निघाल्यापासून ती तशीच असणार. ऐकू आली ती तिथे. तेलाचा एक थेंब घातला, आणि मग कोकिळेच्या जातीतला तिकडचा पक्षी, लांबवरच्या मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा आणि ताईचा श्वास, एवढंच उरलं.

आमच्यासारख्यांना असे डोंगर चढता येतात याचं श्रेय एका माणसाला द्यायला हवं. पोल द व्हिव्ही. जन्म १८५३. लोक त्याला व्हेलोसिओ म्हणत. तिथून फार लांब नसलेल्या सँतेतिएन शहरात तो सायकलवरचं मासिक चालवायचा. सायकलला एकच गिअर कशाला, अनेक हवेत, असं तो आयुष्यभर सांगत राहिला. शर्यतवाल्यांना ते बायकांचं आणि म्हाताऱ्यांचं काम वाटायचं. त्या मोठ्या शर्यतीत डिरेलर, म्हणजे चालता चालता चेन सरकवून गिअर बदलणारा भाग, वापरायला परवानगी मिळाली ती थेट १९३७ साली. तोवर व्हेलोसिओ गेला होता. भूक लागायच्या आधी खा, तहान लागायच्या आधी प्या आणि मिरवण्यासाठी पेडल मारू नका, ही त्याची शिकवण. १९३० साली शहरातल्या रस्त्यावर ट्रामची धडक बसून तो गेला. सगळ्यात हलका गिअर टाकून, चालणाऱ्या माणसाच्या वेगाने चढताना मला त्याची आठवण झाली. बायकांचं आणि म्हाताऱ्यांचं काम आम्ही मजेत करत होतो.

पाण्याचं मात्र सांगायलाच हवं. वाटेत टपरी नाही, हॉटेल नाही. तिथले सायकलवाले बाटल्या भरतात कब्रस्तानात. थडग्यांवरच्या फुलांसाठी तिथे नळ असतो, आणि ‘पिण्याचं नाही’ अशी पाटी नसली तर ते पाणी बहुतेक ठिकाणी गावच्याच नळाचं. ताईने पहिल्या दिवशी साफ नकार दिला. दुसऱ्या दिवशी उन्हात तिने स्वतःच फाटक उघडलं, आत जाताना चपला मात्र काढल्या.

आणि त्या पाण्यापायी आम्ही गावोगावचे दगड वाचायला लागलो. जवळजवळ प्रत्येक गावात पहिल्या महायुद्धात गेलेल्यांचा एक स्तंभ असतो. ज्या वाडीत सात-आठ खिडक्या उघड्या दिसल्या, तिथल्या दगडावर मी एकवीस नावं मोजली. एकाच आडनावाची तीन. मग हिशेब लागायला लागला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला या जिल्ह्यात १ लाख ४० हजारांहून जास्त माणसं होती. याच सुमारास खालच्या खोऱ्यांत रेशमाच्या किड्यांवर रोग आला. त्याचा छडा लावायला १८६५ साली लुई पाश्चर आलेसला येऊन राहिला होता. चेस्टनटच्या झाडांनाही रोग लागला, आणि तिथले गरीब लोक त्याच फळाच्या पिठावर जगत. तरणी पोरं खाली कोळशाच्या खाणींत गेली, द्राक्षांच्या मळ्यांत गेली, रेल्वेत लागली. मग युद्ध आलं. ज्या शांततेत मला माझ्या चेनची टिचकी ऐकू आली, ती अशी तयार झालेली होती. ताई त्या दगडासमोर उभी राहून आजूबाजूची बंद दारं बघत होती. म्हणाली, “सगळी माणसां खंय गेली?” मालवणीत हा प्रश्न नवीन नाही.

खिंडीत पोचलो तेव्हा पिवळ्या फुलांची झुडपं रस्त्याला टेकलेली, आणि हत्तीएवढे करडे दगड माळावर कुणी विसरून गेल्यासारखे. उतार लागल्यावर दहा मिनिटांत धुकं आलं. उत्तरेच्या अंगाला एका वाडीत थांबलो. तिथे चर्च नव्हतं, पण दगडी मनोऱ्यात एक घंटा टांगलेली होती. हिमवादळात, धुक्यात वाट चुकलेल्यांना आवाजाचा माग लागावा म्हणून या डोंगरावरच्या वाड्या अशा घंटा बांधायच्या. वादळ असेपर्यंत कुणी ना कुणी ती वाजवत राहायचं.

नेमका सोमवार होता. खालच्या गावातली पावाची बेकरी बंद, वाण्याचं दुकान बंद. घंटेखालच्या कट्ट्यावर बसून आम्ही मालवणी खाजा काढला. गूळ आणि आलं, घाटात यापुढे दुसरं काही नको. समोरच्या घरातून एक आजी आल्या. ऐंशीच्या पुढच्या. मी पुण्यात शिकताना फक्त मार्कांसाठी फ्रेंच घेतलं होतं, ते तिथे पहिल्यांदा उपयोगी पडलं. आजींनी खाजा चावून बघितला, तोंडात घोळवला, दुसरा मागून घेतला. मग म्हणाल्या, हिवाळ्यात इथे आम्ही चार जण असतो. तुमच्या वाडीत किती माणसं?

मी ताईला मराठीत सांगितलं, त्या काय विचारतायत ते. ताई बोटांवर मोजायला लागली, मध्येच थांबली, आणि मला म्हणाली, “इचार त्येंका, चवथीतली माणसां सांगू, काय चवथ झाल्यावरची?”