हे काय काढलंस?

नमस्कार श्रोतेहो.

तीन-चार वर्षांचं मूल कागद नाचवत येतं, "बघ!" म्हणतं, आणि आपल्या तोंडून हमखास निघतं, "हे काय काढलंस?" प्रश्न साधाच, पण मुलाला ऐकू येतं ते एवढंच की, यांना काही ओळखता आलेलं नाही. त्याहून वाईट म्हणजे आपण अंदाज ठोकतो. "अरे वा, हत्ती!" ती असते आजी. मग मूल हिरमुसतं, नाहीतर आपलं मन राखायला "हो, हत्ती" म्हणून मोकळं होतं. बोलणं तिथेच खुंटतं.

मुळात या वयातलं प्रत्येक चित्र कशाचं तरी असतंच असं नाही. दोन वर्षांच्या मुलाला खडू फिरवण्यातच गंमत वाटते. ते गोल गोल गिरगोटे म्हणजे गाडी नव्हे, गाडीचं धावणं. तोंडाने "भुर्र" चालू असतं ना! तिशीतल्या आईबाबांना हे पटायला जरा वेळ लागतो. तीनच्या आसपास रेघोट्यांना नावं मिळू लागतात आणि ती बदलतातही. सकाळचा पक्षी संध्याकाळी विमान झाला, तर "मघाशी तर पक्षी म्हणालास" असं म्हणून त्याला खोटं पाडू नका. पुढे डोक्यालाच पाय फुटलेली माणसं येतात. फ्रेंच अभ्यासक ल्यूके यांनी १९२७ साली मांडलं, की मूल दिसतं ते नव्हे, ठाऊक असतं ते काढतं. म्हणूनच घराच्या भिंतीआडची माणसंही चित्रात दिसतात.

मग बोलायचं काय? डोळ्यांना दिसतं तेच. "इथे निळा रंग अगदी दाबून भरलायस." आणि गप्प राहायचं. हेच आपल्याला जमत नाही. हवं तर मनात दहापर्यंत मोजा. उत्तर येतं, "ते पाणी आहे. खोल. पण बाबा नाही बुडणार, त्याचे पाय लांब आहेत." बाबाचे पाय कागदाबाहेर का गेले, ते आत्ता कळलं! हे शब्द कागदामागे जसेच्या तसे लिहा, तारीख घाला, वाचून दाखवा. बोललेलं लिहिता येतं, हे मुलाला अक्षरओळखीच्या आधीच उमगतं.

सगळं काळ्या रंगाने भरलं, म्हणून लगेच धास्तावू नका. पुष्कळदा तोच खडू हाताशी असतो.

आणि सांगायचंच नसेल, तर नसू दे. "भिंतीवर लावू का?" एवढं विचारा. "नको" म्हणालं, तर नका लावू.